गाळ्यातली जीप

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मिळाली! चाळीस दिवसांची रजा, सलग, एक डिसेंबरपासून! दिंडोशी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये अठ्ठावीस वर्षं धूळ खाल्ली, पण एवढी रजा कुणी मागितलेली मी बघितली नाही. साहेब म्हणाले, "पालव बाई, घरात लग्न आहे का?" म्हटलं, नाही साहेब, फिरायला चाललोय. जीपने. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, केलेली सही आता खोडतात की काय.

घरी येऊन चपला पण काढल्या नाहीत. "अहो, मिळाली!"

"काय?"

"रजा!"

"बरं."

बरं? अकरा वर्षं हा माणूस त्या जीपला गोंजारतोय. बसच्या डेपोत फिटर होते तेव्हा ड्युटी सुटली की तिकडे, रिटायर झाल्यावर तर डबा घेऊन तिकडेच. पासष्ट सालची मिलिटरीतून काढलेली जीप. आणली तेव्हा नुसता सांगाडा होता, आणि मी म्हटलं होतं हे भंगार माझ्या दारात नको. तेव्हापासून एकच ऐकत आलेय — "तू फक्त रजा काढ, मग बघ तुला कुठे कुठे नेतो!" काढली रजा. तर म्हणे बरं.

१५ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवाक इचारलास काय?"

२१ सप्टेंबर, रविवार

आज गाळ्यावर गेले होते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ह्यांच्या दोस्ताचं, लहूभावजींचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, त्यांच्याच गाळ्यात मागच्या बाजूला जीप असते. आमच्या सोसायटीत सायकल लावायला जागा नाही, तिथे जीप आणि ट्रेलर कुठे लावणार!

गाडी अगदी तयार आहे. हिरवा रंग, नवीन ताडपत्री, सगळं झकास. आणि मागे माझा ट्रेलर. हो, माझा. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून दोन चाकांचा ट्रेलर आणला तेव्हा मी सांगितलं होतं, ह्यात स्वयंपाकघर मी सांगेन तसंच होणार. मागची फळी खाली पाडली की ओटा. शेगडीला कप्पा, मसाल्याच्या डब्याला कप्पा, पाण्याचा ड्रम, आणि वर दोन माणसं झोपतील एवढी गादी. लहूभावजींनी चार वेळा तोडून पाचव्यांदा जोडलं. "वहिनी, तुमच्यापेक्षा मिलिटरीवाले परवडले," म्हणाले.

मार्ग ठरलेलाच आहे. उत्तरेला. गुजरात, कच्छ, राजस्थान, वाटलं तर आणखी वर. ट्रेलर लावून ती गाडी पंचेचाळीसच्या वर जात नाही, म्हणून चाळीस दिवस. आणि उत्तरेलाच का? कारण दक्षिणेला गेलं की आमचं गाव लागतं! लग्नाला एकतीस वर्षं झाली. गणपतीला गाव, शिमग्याला गाव, मे महिन्यात गाव. रजा म्हटली की कुडाळ. तिथे गेलं की भाकऱ्या मीच थापायच्या आणि भांडी मीच घासायची, फक्त बाहेरची झाडं बदलतात. विरारच्या पुढे मी आयुष्यात एकदाही गेलेले नाही. कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

हे आज गाडी बाहेर काढताना शटरला डावा आरसा घासून आले. सरळ बाहेर येणारी गाडी! मी म्हटलं, लक्ष कुठे असतं हो तुमचं? तर माझ्यावरच खेकसले.

२ ऑक्टोबर, दसरा

जीपची पूजा केली. बोनेटला झेंडूचा हार, ट्रेलरला वेगळा. सासूबाईंना रिक्षाने घेऊन गेलो होतो. त्या ट्रेलरला हात लावून म्हणाल्या, "एवढ्या लांब जातास, तां पन ह्या खटाऱ्यातसून. कौल नको?"

मला वाटलं हे उडवून लावतील. नेहमी लावतात. देवळात सगळ्यांच्या मागे उभा राहणारा माणूस! तर ताबडतोब म्हणाले, "लावूया ना. बाळाला सांगतो." बाळा म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, गावी असतो. तो गुरवाला सांगणार, गुरव देवाच्या पाषाणाला कळ्या लावून विचारणार — उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

असू दे. देवीला माझ्या फिरण्याचं काय वाकडं असणार? तिला पण कळत असेल.

६ ऑक्टोबर

डावा कौल.

बाळाभावजींचा फोन ह्यांच्या फोनवर आला, ह्यांनीच सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला सांगितलं. वाट लागली सगळ्याची.

मी म्हटलं, पुन्हा लावा. लोक तर तीन-तीनदा लावतात. प्रश्न बदलून विचारा, राजस्थानला नको तर गुजरातला जाऊ का म्हणून विचारा. कोर्टात निदान अपील तरी असतं! हे म्हणाले, "देवाने एकदा नाही म्हटलं ते म्हटलं." आणि जाऊन जीपवर कव्हर घालून आले.

७ ऑक्टोबर

चपात्या करपल्या. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

श्वेताला फोन केला. मुलुंडला असते, जावई भला माणूस आहे, तिचं घरातूनच काम चालतं. सगळं ऐकून म्हणाली, "आई, मग विमानाने जा ना जयपूरला चार दिवस. मी बुक करते." तिला काय सांगू? जयपूर बघायचं असतं तर टीव्हीवर दिसतं. मला जायचं होतं. जाता-जाता जायचं होतं. सकाळी उठून आज कुठे पोचू ते माहीत नाही, असा एक दिवस मला हवा होता. एक नाही, चाळीस.

मी रोज नऊला घरातून निघते, साडेसहाला परत येते. एका बाजूला चारकोप, दुसऱ्या बाजूला दिंडोशी, मध्ये मी. कोर्टात इतरांच्या केसेसच्या फायली लावते. काही फायली माझ्या नोकरीपेक्षा जुन्या आहेत. त्या तरी कधीतरी निकाली निघतील.

रजा रद्द करायचा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. साहेबांना दिला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात लहूभावजी भेटले. "वहिनी, बारा दिवस झाले, सीताराम गाळ्यावर फिरकला नाही. उभी राहिली की गाडी मरते. निदान स्टार्ट तरी करायला सांगा त्याला."

मी म्हटलं, मीच येते.

ते हसले. मी नाही हसले. माझ्याकडे लायसन्स आहे! श्वेता शाळेत असताना क्लास लावून काढलं होतं. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही, पण रिन्यू मात्र वेळच्या वेळी केलंय — फोटो चांगला आलाय, ओळखपत्र म्हणून चालतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

गेले. घरी सांगितलं, ऑफिसातल्या नलिनीकडे फराळ करायला जाते.

काय गाडी आहे! स्टार्टर पायाने दाबायचा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही. स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. रविवारी इस्टेट बंद असते म्हणून बरं. मागच्या रस्त्याला चार फेऱ्या मारल्या. सात वेळा बंद पडली. दंड भरून आले, पदराला ग्रीस. आणि मी मोठमोठ्याने हसत होते. एकटीच. वेड्यासारखी.

फराळ कसा झाला असं सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, चकली मऊ पडली.

२ नोव्हेंबर, रविवार

आज ट्रेलर लावून. पुढे जायला काही नाही, येतो मागून. पण रिव्हर्स! आपण उजवीकडे वळवलं की तो डावीकडे जातो. दहा वेळा कात्रीसारखा मुडपला. भावजींचा पाण्याचा पिंप गेला. ते डोक्याला हात लावून बसले, मग म्हणाले, "मागे बघून विचार करू नका वहिनी, थोडंथोडं चुकवत न्या." शेवटी गेला आत. दोन्ही चाकं बरोबर रेषेवर!

कशासाठी शिकतेय, विचारू नये. मी पण विचारत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी दार लावून घेतलं. हे खाली पेपर वाचत बसले होते.

"गो, तुका एक सांगतंय. सीतारामाक माझा नाव सांगू नको." मग म्हणाल्या, त्यांनी नारळांसाठी बाळाभावजींना फोन केला होता. सहज विचारलं, कौल नक्की कसा लागला ते सांग रे. "तर तो म्हणता, काकी, खंयचो कौल? सीतारामदादान माका फोन करून सांगल्यान, आवशीन इचारल्यान तर सांग, डावो कौल लागलो म्हणान."

कौल लावलाच नव्हता! देवळात कुणी गेलंच नव्हतं!

मला काय वाटलं ते लिहिते. राग नाही आला आधी. लाज वाटली. म्हणजे माझ्याबरोबर चाळीस दिवस काढायला नकोत म्हणून ह्या माणसाने देवीला मध्ये घातलं. एवढी मी नकोशी?

१० नोव्हेंबर

विचारलं. सरळ विचारलं, सासूबाईंचं नाव न घेता — "कौल कुणी डावा दिला? देवीने की तुम्ही?"

ह्यांनी कपाटावरून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरांची. जून महिन्यापासूनची! काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. डावीकडचं जास्त. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून टिकवायचं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलंय.

म्हणून तो आरसा. म्हणून चहा ओतताना कपाच्या बाहेर जायचा, आणि मी बोलायचे — वय झालं तुमचं!

"मला का नाही सांगितलं?"

"तू रजा काढलीस. एवढी खूश होतीस. काय सांगू? नेतो म्हणून अकरा वर्षं सांगतोय आणि आता नेता येत नाही?" मग म्हणाले, "देवाचं नाव घेऊन खोटं बोललो. काय पाप लागायचं ते लागू दे. देवाने नाही म्हटलं तर निदान माझी लाज नाही ना जात."

रडले हे. मी एकतीस वर्षांत दोनदा बघितलंय. मी पण रडले. मग मी चहा केला.

१३ नोव्हेंबर

आज सांगितलं. गाडी मी चालवते. मला येते. भावजींना विचारा, ट्रेलर रिव्हर्समध्ये लावते मी. तुम्ही बाजूला बसा, आवाज ऐका, काय बिघडलं ते सांगा. मला इंजिनातलं काही कळत नाही, तुम्हाला दिसत नाही — दोघांचं मिळून एक ड्रायव्हर होतो की!

मला वाटलं उडी मारतील.

"मी बाजूला बसणार?"

"हो."

"माझ्या गाडीत? मी बाजूला बसणार आणि तू चालवणार? अख्ख्या चारकोपला मी सांगून ठेवलंय. डेपोतले लोक, ते जुन्या जीपवाले दर रविवारी जमतात ते. सगळ्यांसमोरून मी असा हातात पिशवी घेऊन बाजूला बसून जाऊ?"

"मग काय झालं?"

"तुला नाही कळायचं."

कळतं ना! एकतीस वर्षं मी बाजूलाच बसलेय. हातात पिशवी घेऊन! बोलले मी हे तोंडावर. दार आपटून खाली गेले.

१४ नोव्हेंबर

अबोला.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे म्हणतात जीप विकून टाकू. लहूभावजींना फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक बघ. भावजी म्हणाले बघतो. नंतर मला हळूच म्हणाले, "मी काय बघत-बिघत नाही वहिनी. तुमची रजा कधीपासून?"

एक डिसेंबर. अर्ज अजून पर्समध्येच आहे. रोज साहेबांच्या केबिनपर्यंत जाते आणि परत येते.

हे घर दिवसेंदिवस लहान होत चाललंय. हे हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, सासूबाई मध्ये पलंगावर. कुणी कुणाकडे बघत नाही. उठून जायला दुसरी खोली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाईंनी कौल लावून घेतला! खरा! आम्हाला कुणाला न सांगता बाळाभावजींना दम देऊन देवळात पाठवलं. उजवा लागला. एका क्षणात पडली म्हणे कळी.

ह्यांच्यासमोर सांगितलं त्यांनी. हे म्हणाले, "असू दे." म्हणजे देव नाही म्हणाला तेव्हा देवाचं ऐकायचं, आणि हो म्हणाला तर असू दे! एवढं मी कोर्टातसुद्धा नाही बघितलं.

मग सासूबाई मला म्हणाल्या, "माका मुंबयत येवन पंचावन्न वर्सां झाली. गावाक जायचा आनि परत येवचा. तिसरो गाव मी बगूक नाय. तू जा गो. श्वेताक बोलव. सीतारामाक मी बगतंय, तो काय ल्हान पोर हा?"

एकतीस वर्षं मी ह्या बाईला घाबरत आले. आज पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "ऊठ ऊठ, आमटी उतू जाता."

२५ नोव्हेंबर

रजा रद्द करण्याचा अर्ज फाडला. चार तुकडे. ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, मग परत काढून पर्समध्ये घेतले — तिथे कुणी जोडून वाचेल!

भीती वाटतेय. एकटी बाई, पासष्ट सालची गाडी, मागे ट्रेलर. टायर फुटला तर? कुठे बंद पडली तर? पण न गेले तर काय होईल ते मला पक्कं माहीत आहे. दोन जानेवारीला पण हेच, दोन जूनला पण हेच. त्याची जास्त भीती वाटते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

श्वेता आली. तिने आधी "आई, तुला वेड लागलंय का" म्हटलं, मग ट्रेलर बघितला आणि त्याचे पन्नास फोटो काढले.

सामान भरलं. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट घट्ट डब्यात. गाळ्यावर गेले तर चाकांना हवा भरलेली. ग्रीसिंग झालेलं. हत्यारं एका पेटीत, आणि प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली — हे कशासाठी, ते कशासाठी. ह्यांचं अक्षर. इंजिन गरम झालं तर काय करायचं ते पुठ्ठ्यावर लिहून डॅशबोर्डला दोऱ्याने बांधलंय.

घरी आल्यावर म्हटलं, "चला ना."

"नाही."

"का?"

"सांगितलं ना एकदा. मी गेटवर पण येणार नाही उद्या-परवा. लोकं जमतील."

मी विचारणार नाही आता पुन्हा. बास.

३० नोव्हेंबर, रविवार

उद्या सहाला.

१ डिसेंबर, सोमवार. मनोरच्या पुढे.

पहाटे उठले तर ह्यांचा बिछाना रिकामा. तोंड लपवून कुठेतरी गेले असणार, म्हटलं. श्वेता, भावजी, दोन जीपवाले हात हलवत होते. निघाले. घोडबंदरचा फाटा गेला. विरार फाटा गेला. मी ओरडले — गेला विरार फाटा! एकटीच. मग पुढे फक्त रस्ता. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, मला कुणाचीही आठवण येत नव्हती.

मनोर सोडलं आणि पेट्रोल पंपाच्या पुढे एक माणूस हात दाखवत उभा. कानटोपी, रेक्झिनची बॅग. बोरिवलीहून पहिली एसटी पकडून आलेले असणार. जिथे ओळखणारं कुणी नाही, तिथे येऊन उभे.

ब्रेक मी लगेच दाबला नाही. लिहून ठेवते, दाबला नाही. बरंच पुढे गेले. मग थांबले.

आरशात दिसतायत. हळूहळू चालत येतायत, रस्त्याच्या कडेच्या कठड्याला धरून-धरून. मी इंजिन चालूच ठेवलंय.